घरगुती मद्यास्वाद आणि मराठीतील चवीची भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

वारंगा फाटा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील गाव होय. नांदेडहून येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक वाट हिंगोलीकडे जाते आणि दुसरी हदगाव, यवतमाळमार्गे नागपूरकडे. हा परिसर हळदीचा. द्राक्षाच्या मद्याशी त्याचा परंपरेने काही संबंध नाही. तथापि गेल्या हिवाळ्यात येथील एका आप्ताच्या घरी जो लहानसा प्रसंग घडला, त्यातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

नात्यातील एक तरुण नाशिकहून वाइनच्या काही बाटल्या घेऊन आला होता. रात्रीच्या जेवणापूर्वी घरातील आणि शेजारची मिळून सात-आठ प्रौढ माणसे बसली. तरुणाने ‘ब्लॅककरंट’, ‘सीडर’, ‘बॉडी’, ‘फिनिश’ अशा शब्दांत वर्णनास आरंभ केला, आणि हळूहळू बाकीची मंडळी गप्प झाली. “आम्हाला यातलं काय कळतंय?” असे एकाने म्हटले; इतरांनी माना डोलावल्या. जी माणसे भाजीत मीठ कणभर कमी पडले तरी ओळखतात, ज्वारी जुनी की नवी हे भाकरीच्या पहिल्या घासाला सांगतात, त्यांनीच चवीच्या बाबतीत आपण अडाणी असल्याचे मान्य करून टाकले.

थोड्या वेळाने आमच्या आत्याबाई बैठकीत आल्या. त्यांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नाही व त्या दिवशीही केला नाही. एक पेला त्यांनी केवळ नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “ह्याला कुबट वास यायलाय की रे. ओलं फडकं घडी करून ठेवल्यावानी.” त्याच प्रकारची दुसरी बाटली उघडली असता तिला तो वास नव्हता. पहिल्या बाटलीचे बूच बिघडलेले होते. कॉर्कच्या बुचात कधी कधी ट्रायक्लोरोअनिसोल नावाचे संयुग तयार होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही ते नाकाला जाणवते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीचा वास आणते. जाणकारांच्या परिभाषेत हा वाइनचा एक प्रमुख दोष होय. आत्याबाईंनी तो एका मराठी विशेषणाने व एका उपमेने अचूक सांगितला होता.

यातून पुढील प्रश्न उपस्थित होतो : मराठी भाषकाजवळ चव व गंध सांगण्याचे शब्द खरोखर अपुरे आहेत काय? की शब्द आहेत, परंतु ते कोणत्या व्यवस्थेने वापरले जातात याची जाणीव नसल्यामुळे तो दुसऱ्या भाषेपुढे अकारण मूक होतो? या प्रश्नाचा विचार घरगुती मद्यास्वादाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

२. प्रथेची पूर्वपीठिका आणि नावांचा गोंधळ

मित्रमंडळींनी एकमेकांच्या घरी जमून निरनिराळी मद्ये चाखावीत ही कल्पना सर्वस्वी परकी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या दिनचर्येचे वर्णन आहे. त्यात परस्परांच्या घरी भरणाऱ्या ‘आपानकां’चा उल्लेख येतो, मधु, मैरेय, सुरा व आसव हे पेयप्रकार आणि त्यांच्या जोडीला खारट, कडू, तिखट, आंबट अशा चवींचे ‘उपदंश’ सांगितलेले आहेत. उपदंश म्हणजे आजचा चखणा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले असून कापिशायन व हारहूरक ही त्याची देशवाचक नावे दिली आहेत. म्हणजे मद्याला ते जेथे होते त्या प्रदेशाचे नाव द्यावे ही रीतही जुनीच आहे. त्याच प्रकरणात कुटुंबांना विशिष्ट कार्यप्रसंगी श्वेतसुरा घरी तयार करण्याची मुभा आहे.

मराठवाड्याची अलीकडची परंपरा मात्र वेगळी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शिंदी व मोहाची दारू ही तेथील अबकारी उत्पन्नाची मोठी साधने होती. ‘शिंदी’ हा शब्द झाडाला आणि त्याच्या रसालाही लागतो. या पार्श्वभूमीवर ‘पिणे’ या क्रियापदाला जो अर्थ चिकटला तो लक्षणीय आहे. ‘तो पितो’ या वाक्यात कर्म नसले तरी ऐकणाऱ्याला ते कळते, आणि वाक्य दोषारोपाचे ठरते. ‘आपण घेता का?’ या सभ्य प्रश्नातही कर्म असेच गाळलेले असते. ज्या वस्तूचे नाव उच्चारणेच टाळले जाते, तिच्या चवीचे सूक्ष्म वर्णन भाषेत रुळावे कसे? तेव्हा वर्णनाची उणीव ही शब्दसंपत्तीची नसून प्रसंगाची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ मराठीत आजही शिल्लक आहे, तर ‘दारूगोळा’ या शब्दात तोच शब्द स्फोटक चूर्णाचा वाचक झाला आहे. ‘वाइन’ या शब्दाची गती उलट दिशेची. इंग्रजीत तो मुख्यतः द्राक्षमद्याचा वाचक. आपल्याकडील ‘वाइन शॉप’ या पाटीखाली मात्र व्हिस्की, रम, बिअर असे सर्व काही मिळते. मराठी कानाला ‘वाइन’ म्हणजे एकीकडे ‘दारू’चा सौम्य पर्यायशब्द आणि दुसरीकडे एक विशिष्ट पेय. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइनविक्रीला अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नव्हे’ असा जाहीर वाद झडला. वादात द्राक्षबागायतदारांचे हित, दारूबंदीचे धोरण इत्यादी प्रश्न होते हे खरे. परंतु एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी चालू असणे हेही त्या वादाचे एक कारण होते.

प्रस्तुत लेखापुरते ‘वाइन’ म्हणजे द्राक्षरस आंबवून केलेले, साधारणतः १२ ते १४ टक्के मद्यार्क असलेले पेय. महाराष्ट्रात नारायणगाव परिसरात १९८० च्या दशकात आणि नाशिक परिसरात विशेषतः २००० नंतर त्याचे उत्पादन वाढले. राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चे आहे. त्यामुळे मराठी घरांत आज ज्या वाइन येतात त्यांतील पुष्कळशा मराठी मातीतल्याच असतात. त्यांच्या वर्णनाची भाषा तेवढी अजून आयात केलेली आहे.

३. रसवाचक विशेषणे

आयुर्वेदाने रस सहा मानले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. मराठीतील गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट ही विशेषणे या सहांशी जुळतात. परंतु शब्दांच्या वंशावळीत एक मनोरंजक अदलाबदल झालेली आहे. संस्कृत ‘कटु’ म्हणजे मिऱ्याची चव. त्या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला मराठी ‘कडू’ मात्र कारल्याची चव दाखवितो. संस्कृत ‘तिक्त’ म्हणजे कडुनिंबाची चव. मराठीने तो शब्द बोलीत ठेवला नाही, आणि मिऱ्याच्या चवीसाठी ‘तीक्ष्ण’ पासून ‘तिखट’ बनविला. जुन्या वैद्यकग्रंथातील ‘कटु’चा अर्थ जो विद्यार्थी मराठी ‘कडू’ असा लावतो, तो सुंठीला कडू ठरवून बसतो. चवीच्या शब्दांचा अर्थ कानाने नव्हे तर जिभेने पडताळावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

‘गोड’ हा शब्द गुळाशी निगडित आहे. ‘गौड’ म्हणजे गुळाचे. मनुस्मृतीत सुरेचे जे तीन प्रकार येतात त्यांतील ‘गौडी’ म्हणजे गुळाची दारू. एकाच मूळ शब्दाने आपल्याला एकीकडे निरागस गोडी दिली आणि दुसरीकडे निषिद्ध पेय.

आंबट, खारट, तिखट, तुरट या शब्दांतील ‘ट’ हा प्रत्यय विशेष विचारार्ह आहे. ‘अम्ल’पासून अंब व त्यापुढे आंबट, ‘क्षार’पासून खार, खारट, ‘तुवर’पासून तुरट. हाच प्रत्यय खवट, कुबट, करपट, हिरवट, तेलकट, मातकट, पाणचट, गुळचट अशा शब्दांत कधी एकटा, कधी क किंवा च जोडून येतो. सामान्यतः त्याचा अर्थ ‘किंचित तशा प्रकारचे’ असा असतो : हिरवट म्हणजे पुरते हिरवे नव्हे. परंतु आंबट, खारट यांत हा न्यूनार्थ झिजून गेला आहे. आंबट म्हणजे पूर्ण आंबट. म्हणून सौम्य छटा सांगावयाची झाल्यास भाषेने नवे प्रत्यय जोडले : आंबूस, आंबटसर, खारटसर. ‘कडू’च्या बाबतीत प्रत्ययाचे मूळ कार्य जिवंत आहे; कडू, कडवट, कडसर अशी उतरंड सर्वांना कळते. अशी श्रेणीबद्ध विशेषणे वाइनच्या वर्णनाला अत्यंत उपयुक्त आहेत. पांढऱ्या वाइनचा आंबटपणा ‘आंबट’, ‘आंबटसर’ की ‘आंबूस’, एवढ्या भेदाने निम्मे वर्णन होते. गोडी जास्त आणि आंबटपणा कमी असेल तर ‘गुळचट’ हा शब्द दोषासह सर्व काही सांगून जातो. अंगात सत्त्व नसेल तर ‘पाणचट’ किंवा ‘सपक’.

तुरट या विशेषणाकडे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. पाश्चात्त्य शरीरविज्ञान मूळ चवी पाच मानते. गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा याने १९०८ मध्ये निर्देशिलेली उमामी. तिखट व तुरट यांना ते चव मानीत नाही. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णतेची व वेदनेची जाणीव करून देणारा ग्राहक जागा करते. हा ग्राहक १९९७ मध्ये ओळखला गेला आणि त्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तुरटपणा हा मुख्यतः स्पर्श आहे : द्राक्षाच्या साली-बियांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांशी जोडले जाते, लाळेचा निसरडेपणा कमी होतो आणि जीभ व हिरड्या एकमेकींना घासल्यासारख्या वाटतात. तांबड्या वाइनच्या घडणीत हीच संवेदना मध्यवर्ती असते. इंग्रजीत तिच्यासाठी असलेला शब्द पुस्तकी आहे. सामान्य इंग्रज मूल तो सहसा वापरणार नाही. मराठी मूल मात्र आवळा, जांभूळ, कच्चे केळे खाता खाता ‘तुरट’ शिकते. तांबड्या वाइनची पहिली परीक्षा जिथे होते, तिथे मराठी भाषक घरातलाच शब्द घेऊन पोचलेला असतो.

४. ‘लागते’ आणि ‘येतो’ : दोन वाक्यरचना

शब्दांपेक्षाही महत्त्वाची आहे ती त्यांची वाक्यातील मांडणी. मराठीत चवीचे विधान दोन प्रकारे करता येते. ‘ही आंबट आहे’ हे वस्तूच्या गुणाविषयीचे विधान. ‘मला ही आंबट लागते’ हे अनुभवाविषयीचे. दुसऱ्या रचनेत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि विधान त्याच्यापुरते मर्यादित राहते. एकाला आंबट लागलेली वाइन दुसऱ्याला तशी न लागली तर दोघांपैकी कोणीही चुकत नाही. ‘आहे’ म्हटले की मात्र वाद उभा राहतो. घरगुती बैठकीत जाणता माणूस ‘आहे’ म्हणतो, संकोचलेला ‘लागते’ म्हणतो, आणि म्हणून संकोचलेल्याचे विधान दुय्यम समजले जाते. वस्तुतः प्रत्यक्ष पुरावा ‘लागते’ या वाक्यात असतो. ‘आहे’ हा अनेक ‘लागते’ जुळल्यानंतरचा निष्कर्ष होय.

गंधाची रचना याहून निराळी. ‘मला पेरूचा वास येतो’, ‘याला मातीचा वास आहे’ : येथे विशेषणाऐवजी वस्तूचे नाव षष्ठीत येते. चव सांगताना भाषा गुणवाचक शब्द देते. गंध सांगताना ती मुख्यतः एखाद्या वस्तूकडे बोट दाखविते. नुसते ‘दुधाला वास येतो’ असे म्हटले तर ते दूध नासले असाच अर्थ होतो. षष्ठी नसेल तर वास हा दोषच, हा मराठीचा अलिखित नियम दिसतो.

याला अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. खमंग, कुबट, खवट, उग्र ही विशेषणे कोणत्याही एका वस्तूशी बांधलेली नाहीत. भाजलेले बेसन, फोडणी, शेंगदाणे या सर्वांना खमंग म्हणता येते. कुबट वास कपड्याला, खोलीला, पुस्तकाला आणि, आत्याबाईंनी दाखविल्याप्रमाणे, वाइनलाही येतो. २०१४ मध्ये आसिफा माजिद व निक्लास बुरेनहुल्ट यांनी मलाया द्वीपकल्पातील जहाई भाषकांविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे स्मरतो. त्या भाषेत गंधाची सुमारे डझनभर स्वतंत्र विशेषणे असून तिचे भाषक रंगाइतक्याच सहजतेने गंधाचे नाव सांगतात. इंग्रजी भाषक तसे सांगू शकत नाहीत. गंध शब्दांत सापडत नाही ही मानवी मर्यादा नसून भाषाविशेषाची मर्यादा आहे, असा त्याचा इत्यर्थ. मराठी या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. तिची गंधविशेषणे बहुतांशी दोषवाचक आहेत. खवट, कुबट, करपट हे शब्द स्वयंपाकघरातील दक्षतेतून आले. तेल खवटले की नाही, डाळ कुबटली की नाही, हे ज्यांना रोज पाहावे लागते त्यांनी ते घडविले.

५. गंधाची उसनी वस्तू

गंध सांगण्यासाठी वस्तू लागते, तर ती वस्तू कोणाच्या परिचयाची असावी? येथे आयात केलेल्या परिभाषेची अडचण स्पष्ट होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत ॲन नोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास वाइनच्या गंधांची प्रमाण शब्दावली मांडली. पुढे ती चक्राच्या आकृतीने प्रसिद्धी पावली. ‘नाजूक’, ‘भारदस्त’ अशी संदिग्ध विशेषणे टाळावीत आणि ज्याचा नमुना समोर ठेवता येईल अशाच वस्तूचे नाव घ्यावे, हे त्यामागील तत्त्व. तत्त्व उत्तम आहे. परंतु त्यातील वस्तू कॅलिफोर्नियाच्या बाजारातल्या आहेत. ज्याने ब्लॅककरंट केवळ आइस्क्रीमच्या रूपाने पाहिले, त्याला त्या नावाने काहीच कळत नाही. चक्राचे तत्त्व पाळावयाचे तर चक्रातील वस्तू बदलल्या पाहिजेत.

सुदैवाने रसायनशास्त्र येथे आपल्या बाजूचे आहे. सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या द्राक्षातील काही गंधकयुक्त संयुगे पेरूच्या गंधाची आठवण करून देतात, तर पायराझीन वर्गातील संयुगे ढोबळ्या मिरचीची. शिराझ या काळ्या द्राक्षातील मिऱ्याच्या गंधाचे कारण असलेले रोटंडोन हे संयुग २००८ मध्ये ओळखले गेले. तेच संयुग खुद्द काळ्या मिऱ्यातही असते. म्हणजे ‘मिऱ्याचा वास येतो’ हे विधान अलंकारिक नसून अक्षरशः खरे आहे. पेरू, ढोबळी मिरची, मिरे, मध, लिंबाची साल, संत्र्याची साल, ओली माती, चिंच, जांभूळ, मनुका : एवढ्या वस्तूंच्या आधारे नाशिकच्या बहुतेक वाइनचे गंधवर्णन आरंभता येते. वारंग्याच्या बैठकीत एकाने तांबड्या वाइनला ‘हळद शिजवल्यावर कढई उघडताना येतो तसा’ वास असल्याचे सांगितले. ही उपमा डेव्हिसच्या चक्रात सापडणार नाही. परंतु त्या खोलीतील प्रत्येकाला ती तत्काळ कळली, आणि शब्दाने साधावयाचे ते हेच.

६. भाषांतरातील काही सापळे

परिभाषा शब्दशः आणल्यास होणारे घोटाळे तीन उदाहरणांनी स्पष्ट होतील.

पहिले ‘ड्राय’. वाइनच्या संदर्भात याचा अर्थ साखर न उरलेली. त्याचे ‘कोरडी’ असे भाषांतर केले की मराठी भाषक तोंड कोरडे पाडणारी, म्हणजे तुरट, असा अर्थ घेतो. साखर नसलेली पांढरी वाइन मुळीच तुरट नसू शकते. उलट एखादी तांबडी वाइन गोड असूनही तोंड कोरडे करील. ‘अगोड’ किंवा सरळ ‘बिनसाखरेची’ म्हटल्यास घोटाळा राहत नाही.

दुसरे ‘गूजबेरी’. कोशात पाहून याचे ‘आवळा’ केले जाते. युरोपातील ते फळ आणि आपला आवळा यांचा वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही, आणि चवीतही मोठा फरक आहे. आवळ्याचा तुरटपणा व त्यामागून पाणी प्यायल्यावर येणारी गोडी त्या फळात नाही. त्या शब्दाने निर्दिष्ट होणारा आंबूस, हिरवट गंध आपल्याला कच्च्या पेरूने अधिक जवळून सांगता येतो.

तिसरे ‘बॉडी’. याचे ‘शरीर’ किंवा ‘देह’ हे भाषांतर हास्यास्पद होते. जो गुण अभिप्रेत आहे तो ताक आणि दूध, किंवा वरणाचे पाणी आणि घट्ट वरण, यांतील फरकाचा. ‘दाट’ व ‘पातळ’ हे शब्द येथे पुरेसे आहेत. ‘फिनिश’साठी ‘मागची चव’ म्हणावे. ती जिभेवर रेंगाळते किंवा लगेच जाते.

७. वर्णन किती विश्वसनीय?

स्वभाषेचा अभिमान बाळगताना एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एड्रिएन लेरर यांनी १९७५ च्या ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील लेखात आणि १९८३ च्या ‘वाइन अँड कॉन्व्हर्सेशन’ या ग्रंथात वाइनविषयक संभाषणाचा अभ्यास मांडला. एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याने नेमकी ती वाइन ओळखावी, असे प्रयोग त्यांनी केले. सामान्य पिणाऱ्यांचे यश निव्वळ योगायोगाहून फारसे अधिक नव्हते. तरीही ती माणसे आनंदाने बोलत राहिली. अशा बोलण्याचे एक कार्य माहिती देण्याचे असते, दुसरे सोबतीचे.

२००१ मध्ये फ्रान्समधील मोरो, ब्रोशे व द्युबुर्दियू यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोचरा आहे. पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन तांबडा रंग मिसळून ती बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली असता त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. डोळ्याने शब्द निवडला आणि नाकाने त्याला संमती दिली. तेव्हा ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणून गप्प बसणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की कळणारेही फसतात. मात्र यावरून सर्व वर्णन व्यर्थ असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. शब्द फसतो तो एकट्याने, पडताळ्याशिवाय वापरला असता. समोर पेरूची फोड ठेवून ‘पेरूसारखा’ म्हटले की शब्दाला साक्षीदार मिळतो.

८. बैठकीची रीत

वरील विवेचनावरून घरगुती आस्वादाची एक साधी पद्धत सुचते. तीन किंवा चार बाटल्या पुरेत. त्यांना वर्तमानपत्र गुंडाळून क्रमांक द्यावेत, म्हणजे नाव व किंमत यांचा दाब पडत नाही. प्रत्येकाच्या पेल्यात तीस ते पन्नास मिलिलिटर एवढीच वाइन घ्यावी. अगोड आधी, गोड नंतर. पातळ आधी, दाट नंतर. पांढरी ८ ते १२ व तांबडी १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला बरी लागते. ‘तांबडी खोलीच्या तापमानाला’ हा युरोपीय नियम मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाळू नये, तिलाही अर्धा तास शीतपेटीत ठेवावे. उदबत्ती, अत्तर, पान-तंबाखू दूर असावीत. मध्ये भाकरीचा किंवा पावाचा तुकडा आणि पाणी घ्यावे. झणझणीत चखणा शेवटी, कारण तिखटाने मद्यार्काची जळजळ वाढते.

भाषेच्या दृष्टीने दोन नियम महत्त्वाचे. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले शब्द स्वतंत्रपणे कागदावर लिहावेत. पहिल्या बोलणाऱ्याचा शब्द इतरांच्या जिभेवर बसू नये यासाठी ही खबरदारी. आणि प्रथम ‘लागते’ची वाक्ये लिहावीत, ‘आहे’ची नंतर. जवळच्या वाट्यांत हंगामात मिळतील त्या नमुन्याच्या वस्तू ठेवाव्यात. ज्यांना उत्साह असेल त्यांनी त्रिकोण परीक्षा करावी : तीन पेले, त्यांत दोन सारखे, वेगळा कोणता ते ओळखावयाचे. केवळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, हे लक्षात ठेवावे.

न पिणाऱ्यांना बैठकीतून वगळू नये. चवीतला मोठा भाग गंधाचा असतो, आणि गंधासाठी घोट घ्यावा लागत नाही. मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवानाही लागतो. घोट तोंडात फिरवून टाकून देणे ही जाणकारांची नित्याची रीत असून तीत संकोचाचे कारण नाही. फाट्यावरच्या घरी आणखी एक नियम आपोआप पाळला जातो : त्या रात्री कोणी हमरस्त्यावर गाडी काढावयाची नाही.

९. समारोप

मराठीत चवीचे विशेषण आहे, गंधाची षष्ठी आहे, अनुभवाला ‘लागणे’ आहे आणि ‘ट’ प्रत्ययाने छटा काढण्याची सोयही आहे. उणीव असेल तर ती ही सामग्री या नव्या प्रसंगी निःसंकोचपणे वापरण्याची. परभाषेतील शब्द घेऊ नये असा येथे आग्रह नाही. ‘टॅनिन’ किंवा ‘शिराझ’ म्हणण्यास कोणाची हरकत नसावी. आग्रह एवढाच की ऐकणाऱ्याला ज्या वस्तूची ओळख आहे तिच्याकडे शब्दाने बोट दाखवावे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रीय अभ्यासाचा विषय हवा असल्यास हा एक हाताशी आहे : एखाद्या गावातील घरोघरची गंधविशेषणे गोळा करावीत, आणि मुख्यतः ज्या स्त्रिया रोज धान्य, तेल, दूध पारखतात त्यांच्याकडून.

‘चाखणे’ आणि ‘पिणे’ ही मराठीत दोन वेगळी क्रियापदे आहेत. वारंग्याच्या त्या रात्री आत्याबाईंनी दोन्हींतले काहीच केले नाही. केवळ वास घेतला आणि जे जाणवले ते आपल्या शब्दांत सांगितले. त्यानंतर बैठकीतले बाकीचे लोकही बोलू लागले.